आकडा न बोललेला नवस

आमच्या मीरा रोडच्या घरात माणसं तीन होती आणि जेवणाच्या वेळाही तीनच. बाबा संध्याकाळी सातला जेवायचे, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. आई फोर्टातल्या विमा कंपनीच्या ऑफिसातून साडेआठला घरी पोचायची आणि हातपाय धुणं, देवापुढचा दिवा वगैरे उरकून मग पानावर बसायची. तिसरी वेळ माझी, आणि ती कोणालाच नक्की माहीत नव्हती. आईला वाटायचं मी बाबांबरोबर जेवते. बाबांना वाटायचं मी आईसाठी थांबते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं माझं एकाच घरात झालं होतं. फरक इतकाच, की हा पाहुणा आपल्या मर्जीनं उपाशी राहत होता आणि कोणाला ताकास तूर लागू देत नव्हता.

परळची दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही पेणकरपाड्यातल्या या सात मजली बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा मी दहावीत होते. परळला कोणाच्या घरी काय शिजतंय ते उघड्या दारांतून कळायचं. इथं दारं बंद, पण प्रत्येक मजल्यावरची चार स्वयंपाकघरं एका डक्टवर, म्हणजे मधल्या उभ्या पोकळीवर, उघडायची, त्यामुळे वास आणि आवाज मात्र सगळ्यांचे सगळ्यांना. सकाळी सहाला आमच्या कुकरची पहिली शिट्टी, मग खालच्या उत्तर प्रदेशवाल्यांच्या कढईत पडणारी मोहरी, मग समोरच्या जिग्नाबेनच्या हिंग-मेथीच्या फोडणीचा वास. कॉलेज सुटल्यावर दुपारी घरी एकटी असताना मी ओट्याशी उभी राहून तो डक्ट ऐकायचे. कोण वाढतंय, कोण आणखी घे म्हणतंय, कोणाचं पोर भाजी नको म्हणून रडतंय, सगळं कळायचं. त्या घरांतली एकही व्यक्ती मला नावानं ओळखत नव्हती. जिग्नाबेन तेवढी दारात भेटली की विचारायची, ‘‘बेटा, खाना हो गया?’’ आणि मी ‘‘हां आंटी’’ म्हणून कुलूप काढायचे.

हे सगळं सुरू झालं बाबांच्या दुखण्यापासून. बाबा अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. एका दुपारी गोडाऊनमध्येच त्यांच्या छातीत कळ आली, घाम फुटला आणि सोबतच्या लोकांनी त्यांना उचलून हॉस्पिटलात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना आत घेतलं होतं. आई एका खिडकीवर फॉर्म भरत होती. तिचं अक्षर एरवी छापल्यासारखं, पण त्या दिवशी तिनं बाबांचं नाव दोनदा खोडलं. मी बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर कोणीतरी दत्ताचं कॅलेंडर लावलं होतं. मी त्याच्याकडं बघून मनात म्हणाले, बाबांना घरी आण, मी गुरुवार करीन.

कोणीही शहाणं माणूस नवस बोलतं तेव्हा आकडा बोलतं. अकरा गुरुवार, एकवीस गुरुवार, सोळा सोमवार. आकडा म्हणजे उद्यापनाचा दिवस. त्या दिवशी चार माणसं जेवायला बोलवायची, पुरणाचा नैवेद्य करायचा, की देव मोकळा आणि आपणही मोकळे. मी घाबरले होते, एकोणीस वर्षांची होते, आकडा बोलायचा राहून गेला.

बाबा घरी आले. छातीत एक स्टेंट आणि हातात गोळ्यांची पिशवी. मी आईला नवसाचं सांगितलं तर तिनं मला जवळ घेतलं, देवाला हात जोडले आणि लगेच विचारलं, ‘‘किती बोललीस?’’

‘‘किती म्हणजे?’’

‘‘अगं, किती गुरुवार?’’

माझं तोंड बघूनच तिला समजलं. पुढच्या आठवड्यात ती देवळातल्या गुरुजींना विचारून आली. ते म्हणाले, जमेल तितके करू दे, देव भावाचा भुकेला. आईचं काही समाधान झालं नाही. विमा कंपनीत बावीस वर्षं काढलेली बाई ती. ‘‘जमेल तितके हा काय आकडा झाला?’’ ती चपला काढता काढता म्हणाली. पण आतल्या खोलीत बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, हे तिला दारातून दिसत होतं. ‘‘बघू. तूर्तास करत राहा,’’ ती म्हणाली. हे तूर्तास पुढे दीड वर्ष चाललं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते फार आवडलं. परळचे नातेवाईक बाबांना बघायला यायचे आणि चहा पिताना म्हणायचे, पोरीनं ओढून आणलं हो बापाला. आत्या तर माझ्या पायाच पडायची बाकी राहिली होती. तोवर मी कोणाच्या लेखी काही नव्हते. नव्या कॉलेजात मैत्रिणी जमल्या नव्हत्या, जुन्या परळला राहिल्या. एकदम मी घरातली महत्त्वाची बाई झाले. मग बाबांच्या रक्ताच्या एका रिपोर्टात काहीतरी किंचित वाढलेलं निघालं आणि मी शनिवार धरला. त्यांना जिन्यात दम लागला आणि सोमवार धरला. चतुर्थ्या, एकादश्या ओघानं आल्या. मधल्या दिवशी बाबांच्या पथ्याचं तेच मी खाणार म्हणून सांगितलं, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. काका एकदा जेवायला आला आणि म्हणाला, ‘‘एकादशीच्या घरी शिवरात्र आली बुवा.’’ सगळे हसले. मीही हसले. मग उपास संध्याकाळी सुटायचा तोही सुटेनासा झाला. बाबांना म्हणायचं नंतर, आईला म्हणायचं झालं.

केस मूठ मूठ जायला लागले. मे महिन्यात मी मोजे घालून झोपायचे. महिन्याची पाळी आधी पुढे गेली, मग यायचीच थांबली, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. भुकेचं म्हणाल तर ती गेली नव्हती. लोकांना वाटतं अशा माणसाला भूक लागत नाही. मला दिवसभर दुसरं काही सुचत नव्हतं. वर्गात सर शिकवत असायचे आणि मी आईनं सकाळी किती पोळ्या लाटल्या ते आठवत बसायचे. पण खायला घेतलं की भीती वाटायची. मी हा घास घेतला आणि तिकडं बाबांना काही झालं तर? वेडेपणा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता. आणि ही गोष्ट सांगायला एक माणूस नव्हतं, कारण ज्यांना सांगायचं त्यांच्याच कौतुकावर तर माझं सगळं चाललं होतं.

बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना आहाराचं बघणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं होतं. नया नगरच्या तोंडाशी एक छोटं पॉलिक्लिनिक होतं, खाली बेकरी, वर दवाखाने. तिथं मंगळवारी आणि शनिवारी ब्रिजेट मॅडम बसायच्या. उत्तनच्या पुढच्या चौक गावच्या, कोळ्यांच्या घरातल्या. बस आणि रिक्षा बदलत यायच्या आणि आल्या आल्या पंख्याखाली दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहायच्या. आई ऑफिसात, म्हणून बाबांबरोबर मी जायचे. बाबांनी दिवसभरात काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं होतं. ती वही मी लिहायचे, लाल पेनानं समास आखून. मॅडम बाबांना प्रश्न विचारायच्या आणि उत्तरं मी द्यायचे. सकाळी किती वाजता, कशाबरोबर, तेल किती चमचे, सगळं तोंडपाठ.

तिसऱ्या खेपेला मॅडमनी वही मिटली आणि माझ्याकडं बघितलं. ‘‘बाबांचं झालं. आता तुझं सांग. काल दुपारी तू काय जेवलीस?’’

बाबा कौतुकानं म्हणाले, ‘‘तिचे उपास असतात, मॅडम. माझ्यासाठी करते.’’

‘‘काल तर शुक्रवार होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शुक्रवारी कुठला उपास?’’

बाबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मॅडमनी विषय वाढवला नाही. निघताना मला तेवढं म्हणाल्या, ‘‘मंगळवारी एक वाजता एकटी येशील? डबा घेऊन ये. माझी पण जेवायची वेळ असते.’’

मी जाणार नव्हते. गेले ते का, हे आजही नीट सांगता येत नाही. कोणीतरी माझी जेवायची वेळ ठरवली होती, एवढंच बहुधा.

पहिल्या दिवशी त्यांनी वजनकाटा पायानं सरकवून भिंतीकडं तोंड करून ठेवला. म्हणाल्या, तो लागेल तेव्हा मी बघीन, तू नाही बघायचा. मग मला रक्त तपासायला पाठवलं, एका लेडी डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि एका कौन्सेलर बाईंचं नाव लिहून दिलं. मी घाबरले. त्या म्हणाल्या, ‘‘हे बघ, जेवणाचं मी बघते. शरीराचं डॉक्टर बघतील. डोक्यातल्या भीतीचं त्या बाई बघतील. एका माणसाचं काम नाही हे, आणि तुझ्या एकटीचं तर मुळीच नाही.’’ घरी मी फक्त अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं. आईनं डिंकाचे लाडू केले आणि डबा माझ्या टेबलावर ठेवून ऑफिसला गेली.

मला स्वतःची वही लिहायला सांगितली होती. लाल समास इथं नको, म्हणाल्या, कशीही लिही. त्या वहीवरून एक फजिती झाली. तिसऱ्या आठवड्यात मॅडम पानं उलटत होत्या आणि हसायला लागल्या. ‘‘हे ‘एक वाटी शिरा, बेदाणे घालून’ कोणी लिहिलंय? हे अक्षर तुझं नाही.’’ मी बघितलं तर प्रत्येक पानावर माझ्या दोन ओळींच्या खाली आईचं ते छापल्यासारखं अक्षर. ‘दूध एक पेला, साय काढून.’ ‘डिंकाचा लाडू १.’ ‘भात (दोनदा).’ वही माझ्या टेबलावर होती. बाहेरच्या बाईनं ती वाचली तर काय म्हणेल, पोरीला उपाशी ठेवतात म्हणेल, म्हणून आईनं जे केलं होतं, झाकून ठेवलं होतं, ते सगळं लिहून टाकलं होतं. मला इतकी लाज वाटली की रडू आलं. मॅडम हसायच्या थांबल्या. ‘‘आईला माहितीये म्हणजे,’’ त्या हळूच म्हणाल्या. मी म्हणाले, ‘‘नाही, तिला वाटतं मी लिहायला विसरते.’’ मॅडमनी पान उलटलं. मला मात्र त्या दिवसापासून शंका आहे. आईला माहीत होतं आणि तिला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं आता माझं मत झालंय.

एक वाजता खालच्या गल्लीतून दुपारची अजान ऐकू यायची, बेकरीतून पावाचा वास वर चढायचा आणि मॅडम टेबलावर वर्तमानपत्र पसरून आपला डबा उघडायच्या. भात, सुकटीची चटणी, कधी बोंबलाचं कालवण. माझ्या डब्यात आईनं दिलेली पोळीभाजी. जेवताना त्या जेवणाबद्दल एक अक्षर बोलत नसत. किती खाल्लंस, आणखी घे, बघ बरं एवढंच राहिलं, काही नाही. गावच्या गोष्टी सांगायच्या. वाळत टाकलेल्या बोंबलांवर राखणीला बसवलेलं कुत्रं बोंबील खाऊन तिथंच झोपी गेलं, असल्या. मधेच त्यांच्या आईचा फोन यायचा, मग त्यांची भाषाच बदलायची. ‘‘हाय, हाय, जेवते हाय. न्हाय गो, एकली न्हाय, एक पोरगी हाय संगती.’’ फोन ठेवून त्या पुन्हा आमच्यासारखं बोलायला लागायच्या. पहिल्या दिवशी मी अर्धी पोळी खाल्ली आणि डबा बंद करून पिशवी उचलली. त्या म्हणाल्या, ‘‘बस थोडा वेळ. बाबांना फोन करायचाय का?’’ मी केला. बाबा म्हणाले, ‘‘काय गं, काय झालं?’’ मी म्हणाले, ‘‘काही नाही, सहज.’’

असे किती मंगळवार गेले कोण जाणे. एका मंगळवारी अंगारकी आली. मला सुटल्यासारखं झालं. फोन करून म्हणाले, मॅडम, आज नाही जमणार, उपास आहे. त्या म्हणाल्या, ‘‘मग उपासाचं घेऊन ये. खिचडी आण, शेंगदाण्याची आमटी आण. उपासाला खातातच की तुमच्याकडं, मला काय माहीत नाही? उपासाच्या दिवशीच आमच्या क्लिनिकमधले लोक जास्त जेवतात.’’ मला हसू आलं. त्या दिवशी मी डबा संपवला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा.

त्याच दिवशी मी त्यांना नवसाचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावता लावता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘आमच्यात पण असतो उपास. ईस्टरच्या आधी, लेंटमध्ये, चाळीस दिवस. माझी आई मटण-मासळी सोडते, कोळ्याच्या घरात राहून. पण चाळीस म्हणजे चाळीस. मग ईस्टर येतो आणि त्या दिवशी कोणी उपाशी राहिलं तर आई त्याला लाटण्यानं मारील. तुझा ईस्टर कधी आहे?’’

‘‘आकडाच बोलले नाही मी.’’

‘‘मग कोण सांगणार आकडा?’’

‘‘कोणीच नाही. मी थांबले आणि बाबांना काही झालं तर?’’ शेवटी हे वाक्य मी मोठ्यानं म्हणाले. दीड वर्षं ते आत होतं.

त्यांनी माझी समजूत घातली नाही. असं काही नसतं, वेडी का तू, यातलं काही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘ज्यांच्यासाठी नवस केलास त्यांना यातलं किती माहितीये? तू सांगशील का? मी बसते शेजारी.’’

पुढच्या शनिवारी बाबांची तपासणी होती. बाबा त्यांच्या खुर्चीत, मी माझ्या. मी सांगायला सुरुवात केली आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर संपलं. जेवणाच्या वेळांची चोरी, मंगळवारच्या डब्यापर्यंत सगळं. बाबा आपल्या तळहातांकडं बघत होते. ‘‘रोज सातला तूच वाढायचीस मला,’’ ते म्हणाले. ‘‘मी पेपर बघत जेवायचो. एकदाही मान वर करून विचारलं नाही.’’ मग त्यांना नवसाचं कळलं, म्हणजे आकड्याचं. ते तर त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते सरळ बसले.

‘‘अशू, मी अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आकडा न टाकलेली चिठ्ठी आली की आम्ही माल देत नाही. परत पाठवतो, आकडा टाकून आण म्हणतो. देव काय आमच्या कंपनीपेक्षा अडाणी आहे?’’

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

‘‘माल तर मिळालाय. मी बसलोय समोर. म्हणजे आकडा होता, फक्त तुला माहीत नव्हता. आता मी सांगतो. परवाच्या गुरुवारपर्यंत झाले तेवढे. तेवढेच बोलली होतीस. संपलं.’’

माझे बाबा फार बोलणारे नव्हते. आयुष्यात एवढं सलग बोलताना मी त्यांना त्या दिवशीच ऐकलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि ते माझ्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवत राहिले, आणि मग त्यांचा हात थांबला, कारण हाताला ते कळलं.

आईला त्यांनीच सांगितलं, त्याच संध्याकाळी. ती सगळं ऐकेपर्यंत पर्स खांद्याला तशीच होती. ‘‘म्हणजे मी रोज विचारायचे, जेवलीस का, तेव्हा...’’ ती माझ्याकडं वळून म्हणाली. बाबांनी आकड्याचं सांगितलं तशी एकदम चिडली. ‘‘तुम्ही कोण सांगणार आकडा? हे काय तुमचं गोडाऊन आहे? देवाशी बोललेलं असं आपल्या सोयीनं बंद करायचं आणि मग उद्या तुम्हाला काही झालं तर?’’ माझ्या मनातलं वाक्य, शब्दाला शब्द. मी दीड वर्षं समजत होते ते माझ्या एकटीचं आहे. बाबा म्हणाले, ‘‘झालं तर झालं. पोरीचे केस बघ.’’ आईनं बघितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

पहिला गुरुवार बाबांनी सुट्टी घेऊन माझ्याबरोबर काढला. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, संध्याकाळी सातला पुन्हा आम्ही दोघं. प्रत्येक घासाला मी त्यांच्याकडं बघत होते आणि ते मुद्दाम भराभर जेवून दाखवत होते. जेवण झाल्यावर ते नेहमीसारखे मैदानावर फेऱ्या मारायला गेले. ठरलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं उशीर झाला तर मी अनवाणी जिन्यापर्यंत धावले. ते हातात कढीपत्त्याची जुडी घेऊन लिफ्टमधून बाहेर येत होते. त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई दोन्ही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

त्यानंतरच्या गुरुवारी आईच्या ऑफिसला सुट्टी होती. बाबा दुखण्यानंतर अर्धाच दिवस कामावर जायचे, पण ते तीनच्या आत येणार नव्हते. दुपारी घरात आम्ही दोघीच, किती तरी महिन्यांनी. आईनं सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. वरण, भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. डक्टमधून चारी घरांचे वास येत होते आणि त्यात आज आमचाही होता. तिनं एक पान घेतलं, माझ्यापुढं ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

‘‘तुझं?’’ मी विचारलं.

‘‘मी नंतर.’’

नंतर. हा शब्द कसा म्हणतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ओठ सुकले होते. सकाळी तिनं चहासुद्धा घेतला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मागच्या गुरुवारी तिचा ऑफिसचा डबा घासताना तो स्वच्छ का वाटला होता, तेही.

‘‘आई, आज गुरुवार आहे.’’

‘‘मग? गुरुवार काय तुझ्या एकटीचा आहे?’’

‘‘किती बोललीस?’’

‘‘ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोललेय. तू जेव.’’

‘‘आकडा बोललीस का, आई?’’

तिनं भाताचं भांडं पुढं सरकवलं.

मला इतका राग आला. वाटलं, ताट सरकवून उठावं. बस आता, दोघी बसू उपाशी, बघू कोण आधी हरतं. आणि रागाच्या खाली, खोटं कशाला बोलू, सुटकाही होती. कोणीतरी राखणीला बसलं होतं. मी जेवले तरी बाबांना काही होणार नव्हतं. मॅडमना हे मी नंतर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिचा उपास तिचा, त्याचं तिच्याशी बोलू पुन्हा केव्हातरी, तू तिच्यासाठी जेवण थांबवायचं नाहीस. त्या आईशी बोलल्याही. आईनं त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि गुरुवार सोडले नाहीत. एवढं मात्र कबूल केलं की संध्याकाळी उपास सोडीन, आणि तो ती बाबांच्या समोर बसून सोडायची. बाबा पुढे बरीच वर्षं होते. ते गेले त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी आईनं सकाळी शेजारून आलेली पोळी चहात बुडवून खाल्ली. मी आता तिच्या त्या वेळच्या वयाकडं निघालेय आणि माझ्या ताटाशी माझं भांडण अजून कधी कधी होतं, पण आई आणि मॅडम या दोघींपैकी कोणाचं बरोबर होतं हा हिशोब मी करत नाही.

त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. टेबलावर एक ताट होतं आणि पलीकडं उपाशी आई. एकीनं खायचं आणि एकीनं बघायचं, एवढंच त्या घरात त्या घडीला शक्य होतं. मी भात कालवला, पहिला घास घेतला.

‘‘मीठ बरोबर झालंय का गं?’’ आईनं विचारलं. ‘‘चाखलं नाही मी.’’

उपासाला चाखता येत नाही. वरण खारट झालं होतं, चांगलंच. दोनदा मीठ पडलं असावं.

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणाले. ‘‘आणखी भात वाढ.’’